आयएसबीएनला, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाला, पैसे लागत नाहीत, हे का छापले नाही?

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीत स्वखर्चाने पुस्तके काढणाऱ्या लेखकांच्या मुलाखती वाचल्या. लिहावेसे का वाटले, हे तुम्ही प्रत्येकाला विचारले आणि त्यांनीही मनापासून सांगितले. पण पैसे किती गेले, कोणाला दिले, छापलेल्या प्रती आज कुठे पडून आहेत, हे एकालाही विचारले नाही. वर चौकटीत म्हटले आहे की पुस्तक काढणे आता कोणालाही सोपे झाले आहे. ही चौकट वाचून रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसलो.

माझे वडील आमच्या विदर्भातल्या छोट्या शकुंतला रेल्वेवर गँगमन होते. यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावर दारव्हा मोतीबाग स्टेशनच्या आजूबाजूचे रूळ त्यांच्या टोळीकडे असत. १९९४ मध्ये वाफेचे इंजिन जाऊन डिझेल आले, पुढे गाडीच बंद पडली. शेवटच्या आजारात ते मला म्हणाले, "बाबू, हे सारं लिहून ठेव, नाही तं लोकं म्हनतीन अशी गाडीच नोती." म्हणून लिहिले. तीन वर्षे, सहा वह्या. माझी प्रेरणा एवढीच.

पुस्तक एका शहरातल्या प्रकाशकाकडे दिले. नाव लिहीत नाही, कारण असे एकटे तेच नाहीत. ५०० प्रतींचे ४८ हजार ठरले. त्या वर्षीचे सोयाबीन विकून दोन हप्त्यांत दिले. बिलात एक ओळ होती, 'आयएसबीएन शुल्क ३,५०० रुपये'. मला वाटले सरकारी फी असेल, भरली. पुस्तक हाती आल्यावर भाच्याने मोबाइलवर दाखवले की हा क्रमांक केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखालची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची संस्था देते आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. माझा क्रमांक मात्र प्रकाशकाच्या नावावर निघाला आहे. उद्या दुसरीकडून आवृत्ती काढली, तर नवा घ्यावा लागणार.

त्याहून जास्त लागले ते दुसऱ्या पानावरचे. तिथे छापले आहे, 'सर्व हक्क प्रकाशकाधीन'. पैसे माझे, वह्या माझ्या, आठवणी वडिलांच्या, आणि हक्क त्यांचे? फोन केला तर म्हणाले, "काका, तशी पद्धतच आहे." पद्धत असेल, पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखी आणि सही केलेला करार असल्याशिवाय हक्क दुसऱ्याकडे जात नाही. मी कुठेही सही केलेली नाही. गठ्ठे सोडून मोजल्या तेव्हा प्रती ४१२ भरल्या. उरलेल्या 'पाठवतो' म्हणतात. दोन दिवाळ्या झाल्या.

तुमच्या पाच लेखकांपैकी कोणाचे असे झालेच नसेल, यावर माझा विश्वास नाही. मुलाखतीत कोणी स्वतःची फसगत सांगत नाही, ती विचारून काढावी लागते. क्रमांक फुकट आहे, हक्काची ओळ छापण्याआधी वाचून घ्या, हजार-पाचशे प्रती एकदम छापू नका, एवढे त्या चौकटीत आले असते तर माझ्यासारख्या खेड्यातल्या माणसाचे एखादे पीक तरी वाचले असते.

आणखी एक. पुस्तके स्वस्तात पाठवायची टपाल खात्याची रजिस्टर्ड बुकपोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. त्यावर ओरड झाली आणि १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोला १०० रुपये, कर वेगळा. माझे पुस्तक २८० ग्रॅमचे आहे. अमरावतीच्या एका बाईंनी एक प्रत मागितली आहे, त्यांचे वडील शकुंतलेवर गार्ड होते. मी ती घेऊन टपाल कार्यालयात गेलो, तर खिडकीवरच्या मुलाने अशी सेवाच नाही म्हणून सांगितले आणि स्पीड पोस्टचा दर काढून दिला. मी परत आलो. दराचा कागद भाच्याकडून छापून घेतला आहे. गुरुवारी बाजाराच्या दिवशी तो घेऊन पुन्हा त्याच खिडकीवर जाणार आहे.

आपला नियमित वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ