वाढदिवस तीन वर्षांच्या पोराचा, डिश मात्र मोठ्यांची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या वाडीत एका मुलाचा तिसरा वाढदिवस होता, हॉल घेतलेला, फुगे, गाणी, सगळं हौसेने केलेलं. डिशमधे केक, बटाटावडा, वेफर आणि शेंगदाणे घातलेला चिवडा, सोबत कोल्ड्रिंकचा ग्लास. हीच डिश सत्तरीच्या आजोबांना आणि हीच दीड-दोन वर्षांच्या बाळांना. पोरं डिश घेऊन धावतायत, खातायत, हसतायत, आणि माझ्या समोरच एक अडीच वर्षांचा मुलगा धावता धावता एकदम थांबला. तोंड उघडं, ना खोकला ना रडणं, डोळ्यांतून नुसतं पाणी. त्याची आजी ओरडली, "अगो, ह्येका बोलूक येणा नाय!" कोणी पाणी आणतंय, कोणी घशात बोट घालायला बघतंय. नशीब म्हणून पाहुण्यांत एक नर्स होती, तिने सगळ्यांना बाजूला केलं, त्याला मांडीवर पालथं घेतलं, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मधे तळव्याने जोरात थापा मारल्या. चौथ्या थापेला अख्खा शेंगदाणा बाहेर पडला, सालासकट. मग पोर जे रडलं ते ऐकून आम्ही सगळ्याच रडलो.

नंतर तिने सांगितलं ते मी घरी येऊन लिहून ठेवलं. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यायचं, आवाजच बंद झाला तर मात्र वाट बघायची नाही, आणि घशात बोट तर घालायचंच नाही, दाणा आणखी आत जातो. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे, काजू, पॉपकॉर्न, कडक गोळ्या द्यायच्या नाहीत, द्राक्षं द्यायची तर उभी चिरून. या वयात मागच्या दाढा पुरत्या आलेल्या नसतात, मुलं दाणा चावत नाहीत, गिळतात. आणि तो श्वासनलिकेत गेला तर दुर्बिणीने काढायला लागतो, म्हणजे आपल्याकडून गाडी करून गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला धावायचं. ज्यांनी रात्रीबेरात्री पेशंट घेऊन तो रस्ता केलाय त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

दुसरं म्हणजे कोल्ड्रिंक. दोन लिटरच्या बाटल्या आणल्या की काम सोपं होतं हे मान्य, पण बाटलीच्या मागे बारीक अक्षरात वाचा, 100 मिलीला दहा-अकरा ग्रॅम साखर. म्हणजे 250 मिलीच्या ग्लासात पंचवीसेक ग्रॅम, सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा. तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला लागतात हजार-बाराशे कॅलरी, म्हणजे साखर फारतर पंचवीस-तीस ग्रॅम. एका ग्लासातच दिवस संपला, केक तर अजून बाकीच आहे. पॅकेटातला ज्यूस बरा असं वाटत असेल तर त्याचंही लेबल बघा, '100 टक्के फळांचा रस' असा दावा लेबलवरून काढा असं एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने, जून 2024 मधे कंपन्यांना सांगितलंय.

आपलं कोकम सरबत चांगलंच, पण अमृत कोकम म्हणजे कोकमाच्या साली साखरेत घालून बरणी उन्हात ठेवलेली, त्यातही साखर भरपूर असते, म्हणून लहानांना अर्धी वाटीच पुरे. शहाळ्याचं पाणी द्या, साधं पाणी तर आधी द्या, नाचून घामाघूम झालेल्या पोराला तहान पाण्याची असते. आणि बर्फाचं कृपया बघा. खाण्यासाठी नसलेला बर्फ निळा करायचा हा नियम आपल्या राज्यात 2018 मधे आला, तो खाण्याच्या बर्फात मिसळू नये म्हणूनच, तरी बंदरावरची पांढरी लादी फोडून सरबताच्या पिंपात टाकलेली मी स्वतः पाहिलीय. माठातलं पाणी घ्या नाहीतर घरच्या फ्रीजमधला बर्फ.

आता खायला काय करायचं, तर आपल्याकडे काय कमी आहे? मऊ घावणे, छोट्या आंबोळ्या, बिनतिखटाची बटाट्याची भाजी, केळी. आमच्याकडे माझी सासू शिरवाळे करते, उकडलेले तांदळाच्या पिठाचे गोळे गरम असतानाच साच्यातून दाबायचे, वर नारळाचा रस, गूळ कमी, वेलची थोडी, आणि बारकी पोरं वाटीत बोटं घालून एक एक शेवई ओढून खातात, भरवायलाही लागत नाही. फक्त रस दुपारी काढून ठेवू नका, उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबूस होतो, पाहुणे यायच्या तासभर आधी काढा. चटया घालून मुलांना बसवून खायला द्या, धावत खाणं बंद. आणि साडेपाचला बोलावलेली पोरं आठपर्यंत केकची वाट बघत वेफरवर असतात ते पण नको, आधी पोटाचं खाणं, मग लगेच केक. मोठ्यांना वडे-चिवडा हवाच असेल तर नंतर, वेगळ्या टेबलावर, पोरांचा हात पोचणार नाही असा.

हॉलवाल्यांना आणि केटरर्सना पण सांगणं आहे, मुलांच्या वाढदिवसाची ऑर्डर घेताना "मुलं किती वर्षांची?" एवढं विचारा, आत्तापर्यंत मला कोणी विचारलेलं नाही, डिश किती हेच विचारतात.

येत्या रविवारी माझ्या मुलीचा चौथा वाढदिवस आहे, सतरा मुलं येणार. प्रत्येकीला फोन करून मुलाला काय चालत नाही ते विचारलं तेव्हा एकीने सांगितलं की तिच्या लेकाला काजू खाल्ला की ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात. आपल्याकडे काजू शिऱ्यात, बर्फीत, केकवर, कशात नसतो? ती म्हणाली, दर वेळी सांगायला बरं वाटत नाही म्हणून मी त्याला वाढदिवसांना पाठवतच नाही. या वेळी पाठव म्हटलं, रविवारपर्यंत घरात काजू आणणार नाही. येतो म्हणालाय.

आपली,
एक आई, वेंगुर्ले