शाळेचे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या ताईंना अनावृत पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आभाराचे चार शब्द तुम्हाला समक्ष सांगावेत, असे ठरवून मी शाळेत आले होते. परंतु तुमच्यासमोर उभी राहिले तेव्हा गळा दाटून आला, मागे मुलांची रांग खोळंबली होती आणि मला धड काही बोलता आले नाही. म्हणून हे पत्र. ते सर्वांसमक्ष लिहिते आहे, कारण तुम्ही जे केलेत ते इतर पालकांनी आणि मुख्य म्हणजे इतर शाळांनी वाचावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आमच्या मुलीला सिलिॲक हा आजार आहे. शंभरातल्या साधारण एका माणसाला तो असतो आणि त्यांतल्या कित्येकांना त्याचा पत्ताही नसतो. गहू, बार्ली आणि राय या धान्यांमधले ग्लुटेन नावाचे प्रथिन पोटात गेले की अशा माणसाची प्रतिकारशक्ती त्याच्या स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नातले सत्त्व शोषून घेणारे आतड्याच्या अस्तरावरचे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात आणि मूल पोटभर जेवूनही उपाशीच राहते. त्याची वाढ खुंटते, रक्त कमी होते, पोट दुखते, चिडचिड वाढते. या आजारावर औषध नाही. जन्मभराचे काटेकोर पथ्य हाच काय तो उपचार. अन्न उकळले, भाजले किंवा तळले तरी ग्लुटेन नाहीसे होत नाही. हे सारे तुम्हाला ठाऊक आहे. तरीही मी ते इथे लिहिते आहे, कारण ज्यांना ठाऊक असायला हवे होते अशा पुष्कळ लोकांनी ते ऐकून सोडून दिले.

तिच्या पूर्वीच्या शाळेचे नाव मी घेणार नाही. तिथे डॉक्टरांचे पत्र स्वीकारले गेले, फाईलमध्ये लावले गेले आणि त्यानंतर कोणीही ते उघडून पाहिले नाही. ‘वरचे पावाचे तुकडे काढून टाकले की झाले,’ ‘घासभराने काय होते?’, ‘एका मुलीसाठी वेगळा स्वयंपाक कोण करणार?’ अशा उत्तरांनी आमची बोळवण होत राहिली. शेवटी तिला घरून डबा आणण्याची परवानगी मिळाली, ती जणू उपकार केल्यासारखी, आणि त्या डब्यासह तिला कोपऱ्यातल्या वेगळ्या टेबलावर बसवण्यात आले. तिथल्या एका जबाबदार व्यक्तीने साऱ्या वर्गादेखत ‘हिच्या खाण्याचे फार चोचले आहेत’ असे म्हटले, तेव्हापासून पोटात कळ आली तरी ती सांगेनाशी झाली. आजाराने जितके सोसायला लावले, त्याहून अधिक त्या एका वाक्याने सोसायला लावले, असे मी आजही म्हणेन.

या पार्श्वभूमीवर तुमच्या शाळेत प्रवेश घेताना आमच्या मनात आशा फारशी नव्हती. अर्ज, मंजुरी, बैठका यांविषयी लिहिण्यात अर्थ नाही. ते सर्व यथावकाश झाले. लिहायचे आहे ते स्वयंपाकघराविषयी. तुम्ही तिच्यासाठी वेगळे पातेले, वेगळी पळी, वेगळी चाळणी आणि वेगळी विळी ठेवलीत आणि ती सगळी भांडी वरच्या फळीवर झाकून ठेवण्याची शिस्त लावलीत. गव्हाचे पीठ उघडले की त्याची धूळ हवेत उडते आणि कितीतरी वेळ इकडेतिकडे बसत राहते, म्हणून तिचे अन्न सकाळी सर्वांत आधी शिजू लागले. ज्या तेलात पीठ लावलेले पदार्थ तळले गेले, त्या तेलात तिचे काहीही तळायचे नाही, हे तुम्ही सर्वांना बजावलेत. हात निर्जंतुक करणारे द्रव चोळल्याने ग्लुटेन निघत नाही, त्यासाठी साबण आणि पाणीच लागते, ही बारीकशी गोष्ट तर तुम्ही मला सांगितलीत. एक किलो अन्नात 20 मिलीग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसेल तरच ते ग्लुटेनमुक्त म्हणावे, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते कागदावर वाचणे सोपे आहे. मुलांच्या कोलाहलात, घड्याळाच्या काट्यावर, घामाघूम होऊन रोजच्या रोज ते पाळणे किती अवघड आहे, हे मी तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून पाहिले आहे.

त्यातही तुमचा एक निर्णय मला फार मोलाचा वाटतो. तांदूळ, मका, डाळी, बटाटे, अंडी, दूध, फळे, भाज्या यांत मुळातच ग्लुटेन नसते. ते येते बहुधा दाटपणासाठी घातलेल्या पिठातून, तयार मसाल्यांतून, सोया सॉससारख्या पदार्थांतून. तुम्ही सूप दाट करण्यासाठी गव्हाच्या पिठाऐवजी मक्याचे पीठ वापरू लागलात आणि मसाले तपासून घेतलेत. त्यामुळे आठवड्यातले कितीतरी पदार्थ सगळ्याच मुलांसाठी एकसारखे झाले. आता पुष्कळदा तिच्या ताटात आणि शेजारच्या मैत्रिणीच्या ताटात काहीच फरक नसतो. पथ्याचे अन्न म्हणजे बेचव, वेगळे आणि लपवून खाण्याचे, ही समजूत तुम्ही फारसे न बोलता मोडीत काढलीत.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरे तर हे पत्र आहे. पहिल्याच आठवड्यात मी काही कागद द्यायला आले होते. तेव्हा तुमच्याकडे एका नव्या कंपनीच्या मसाल्याचे पाकीट आले होते. तुम्ही आमच्या मुलीला वाढपाच्या खिडकीपाशी बोलावलेत, पाकीट उलटे केलेत, घटकांची यादी छापलेली बाजू तिच्यासमोर धरलीत आणि म्हणालात, “मी वाचले आहे, पण तूही वाच. तू हो म्हणालीस की मग मी फोडते.” ती बारीक अक्षरांवरून बोट फिरवत एकेक शब्द वाचू लागली. रांगेतली मुले चुळबुळ करू लागली, आतून कोणीतरी ‘चला, उशीर होतोय’ असे म्हटले, त्यावर तुम्ही मागे न वळता नुसता हात वर केलात आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहत थांबून राहिलात. तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, मान डोलावली, आणि मग तुम्ही पाकीट फोडलेत.

ताई, तोवर तिच्या आजाराविषयी सगळे जण तिच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत असत. तिला स्वतःला त्यातले काही कळते, तिच्या होकाराला किंमत आहे, असे तिला प्रथमच कोणीतरी दाखवून दिले. त्या दिवशी घरी येऊन तिने पोटाविषयी, जेवणाविषयी, मागच्या शाळेविषयी आपणहून सांगायला सुरुवात केली. आता ती प्रत्येक वेष्टन स्वतः वाचते. परवा एका वाढदिवसाला बिस्किटांच्या पुड्यावर ‘माल्ट’ लिहिलेले पाहून तिने यजमानांना नम्रपणे सांगितले, की माल्ट बहुधा बार्लीपासून करतात, म्हणून मला ही बिस्किटे चालणार नाहीत. तिच्या आवाजात संकोच नव्हता. तो आवाज तिला तुमच्या खिडकीपाशी मिळाला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तुमच्या सचोटीचा आणखी एक प्रसंग नोंदवल्याशिवाय राहवत नाही. वाढपाच्या गडबडीत एकदा तिच्या भांड्यात दुसरी पळी गेली की काय, हे कोणालाच खात्रीने सांगता येईना. ते कोणी पाहिले नव्हते आणि कोणाला कळलेही नसते. तुम्ही ते भांडे बाजूला ठेवलेत, तिला खरे कारण सांगितलेत, उकडलेले बटाटे आणि अंडी देऊन तिची वेळ भागवलीत आणि संध्याकाळी मला फोन केलात. ‘खात्री नव्हती, म्हणून दिले नाही,’ हे तुमचे शब्द ऐकून मला जो विश्वास वाटला, तो कोणत्याही लेखी हमीने वाटला नसता.

नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचे नाव या आजारासंबंधी नेहमी घेतले जाते. 1944-45च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हा आजारी मुले सुधारू लागली आणि पाव पुन्हा मिळू लागताच ती पुन्हा खालावली. गव्हाविषयी त्यांना आधीपासून असलेला संशय त्यामुळे बळावला आणि 1950मध्ये त्यांनी तो प्रबंधरूपाने मांडला. मला त्या हकिकतीत विद्वत्तेइतकीच माणुसकीही दिसते, कारण मूल काय खाते आणि त्यानंतर त्याचे काय होते, हे कोणीतरी चिकाटीने पाहत राहिले. सभ्यपणा हा शब्द आपण बोलण्याचालण्याच्या रीतीसाठी वापरतो. पण समोरचे मूल जे सांगते आहे ते खरे मानून त्याप्रमाणे आपले काम बदलण्याची तयारी, हा मला सभ्यपणाचा फार मोठा भाग वाटतो. अधिकार आणि साधने तुमच्याहून अधिक असणाऱ्यांकडे ती तयारी मला आढळली नाही.

तिची तब्येत आता चांगली आहे. रक्ताच्या तपासणीत प्रतिपिंडांचे प्रमाण उतरले आहे, वजन वाढले आहे आणि डॉक्टर समाधानी आहेत. ती मैत्रिणींच्या मधोमध बसून जेवते.

तुमच्या हाताखाली काम करणाऱ्या, रोज ती वेगळी भांडी न कंटाळता घासून पुन्हा वरच्या फळीवर ठेवणाऱ्या सर्वांनाही माझे मनःपूर्वक धन्यवाद कळवावेत. पुढच्या वर्षी ती मोठ्या मुलांच्या इमारतीत जाईल आणि तिथले स्वयंपाकघर वेगळे आहे, याची काळजी मला लागून राहिली होती. तिथल्या मंडळींना तुम्ही आत्तापासूनच बोलावून सारे समजावून द्यायला सुरुवात केली आहे, हे मला परवा मुख्याध्यापकांकडून समजले. तुम्ही ते आम्हाला सांगितलेही नव्हते. त्याबद्दलचे आभार मी याच पत्रात मानते.

तुमची ऋणी,
चौथीतल्या एका मुलीची आई