बाबांचा मस्टर

ऑगस्ट २०२०

ती. आई-बाबांस सा. न.

रविवारी बाबा नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन आईच्या हातात दिला. त्या "बरं"चा अर्थ मला लहानपणापासून कळतो, म्हणून लिहायला बसले.

हो, मार्चपासून मी घरीच आहे आणि घरून कसलंही काम करत नाही. आई, तू शेजारी काय सांगितलंयस ते मला ठाऊक आहे. ते तसंच राहू दे. कोरोनामुळे हॉटेल बंद झालं आणि हिशेबातल्या आम्हा अकराजणांना एकाच व्हिडिओ कॉलवर निरोप मिळाला. चार मिनिटांत आटोपलं. एकट्या एप्रिलमध्ये इथे अमेरिकेत दोन कोटींवर नोकऱ्या गेल्या, बेकारी १४.७ टक्क्यांवर पोचली. हे सगळं कळत होतं, तरी पहिले पंधरा दिवस मी भर दुपारी पडदे ओढून बसायचे.

बाबा, तुम्ही विचारलंत, "सरकारचे पैसे घेतेस?" घेते. इथे १९३५ च्या कायद्यापासून बेकारी विमा आहे. मालक दर कामगारामागे कर भरतो, त्यातून नोकरी गेलेल्याला जुन्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास काही महिने मिळतात. यंदा मार्चअखेर इथल्या संसदेने त्यावर आठवड्याला ६०० डॉलर वाढवून दिले. ते मात्र विम्याचे नाहीत, थेट सरकारी तिजोरीतले. आमच्या हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या बाईला कामावर असताना मिळायचे त्याहून जास्त मिळाले. त्यावर इथले पुढारी म्हणतात, लोक आळशी होतील. तिने आधी दात बसवून घेतले.

हे पैसे हातात पडणं सोपं नव्हतं. वेबसाइट अर्ध्या अर्जावर बंद पडायची, शेवटी पहाटे साडेचारला अर्ज गेला. न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी तर कोबोल येणारी माणसं हवीत म्हणून जाहीर आवाहन केलं. कोबोल ही तुमच्या लग्नाच्याही आधीची संगणकाची भाषा, आणि अजून तीच चालवतायत! आता दर रविवारी मोबाइलवर तेच प्रश्न येतात. या आठवड्यात काम केलंत का? काही कमाई झाली? काम मिळालं असतं तर करू शकला असतात का? मी "हो", "नाही" दाबते आणि दर वेळी तुमचा मस्टर, तो हजेरीचा कागद, आठवतो.

बहात्तरच्या दुष्काळात एकोणीस वर्षांचे तुम्ही पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेलात. मस्टरवर सगळे अंगठे, त्यात तुमची एकच सही. मुकादम म्हणाला, "सही येते तर इथं कशाला आलास?" हे सांगताना तुम्ही हसता, पण पुढचं कधी सांगत नाही. तुम्ही म्हणाल, आम्ही घाम गाळला, तू कोचावर बसून घेतेस. खरंय. पण तेव्हा सरकारला काम काढता आलं, यंदा घरात बसा असं सरकारनेच सांगितलं.

आणखी एक. पुण्यातल्या पहिल्या पगारातून २०० रुपये व्यवसाय कर कापला गेला तेव्हा मी केवढी कुरकुर केली होती! तुम्हीच मला गप्प केलंत. म्हणालात, हा कर रोजगार हमीसाठी लावलेला आहे, आमच्या वेळी कुणीतरी भरलं, आता तू भर. मी भरला. इथे दहा वर्षं इथलेही कर भरले. मग घेताना मान खाली का घालू?

६०० डॉलर जुलैअखेर बंद झाले. पुढचं वॉशिंग्टनमध्ये अडलंय. भाड्याची डिसेंबरपर्यंत सोय आहे. दोन ठिकाणी अर्ज टाकलेत, एक हॉस्पिटलच्या बिलिंगचा आहे, त्याची थोडी आशा वाटते. आईच्या गोळ्यांचे पैसे नेहमीसारखे दादाच्या खात्यावर येतील, त्यावरून त्याच्याशी वाद घालू नका.

रविवारी ते प्रश्न उरकले की फोन करते. आई, या वेळी आधी बाबांनाच दे.

तुमची,
छोटी