प्रत्यारोपित फुप्फुसाची पुढची गोष्ट

महोदय,

फुप्फुस प्रत्यारोपणाच्या बातम्या ‘ग्रीन कॉरिडॉर’पासून सुरू होतात आणि रुग्ण घरी गेला की संपतात. कसोटी मात्र त्यानंतरच लागते. जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये पाच वर्षांच्या आत शरीर नवे फुप्फुस हळूहळू नाकारू लागते आणि बारीक श्वासनलिका आक्रसत जातात. मूत्रपिंड किंवा यकृताच्या बाबतीत हे एवढ्या प्रमाणात घडत नाही, कारण ते अवयव शरीरात बंदिस्त असतात, तर फुप्फुसात श्वासागणिक बाहेरची धूळ आणि जंतू येत राहतात. त्यातच शस्त्रक्रियेत मज्जातंतू कापले गेल्याने खोकल्याची उबळही पुरेशी येत नाही.

निरोगी फुप्फुस निर्जंतुक असते, ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी 2021 मध्ये असे दाखवले की, प्रत्यारोपणानंतर वर्षभराने, कोणताही त्रास नसलेल्या रुग्णांच्या फुप्फुसातही जीवाणूंचा भार जास्त आढळला, तर पुढे अवयवाचे काम कायमचे बिघडण्याचा किंवा मृत्यूचा धोका वाढलेला होता. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील लोझानच्या संशोधकांना, नाना प्रकारचे जीवाणू संतुलित प्रमाणात नांदत असलेली फुप्फुसे अधिक स्थिर असल्याचे आढळले. स्यूडोमोनाससारख्या एकाच जीवाणूचे वर्चस्व असलेल्या फुप्फुसांची स्थिती तशी नव्हती. अर्थात हा केवळ संबंध आहे. जीवाणूंमुळे अवयव नाकारला जातो की बिघडू लागलेल्या अवयवात जीवाणू फोफावतात, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

म्हणूनच ‘चांगल्या जीवाणूं’च्या जाहिरातींना भुलून अशा रुग्णांनी प्रोबायोटिक घेऊ नयेत, प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असताना त्यातले जिवंत जीवाणूही क्वचित रक्तात उतरू शकतात. अँटिबायोटिकचा धोका याहून रोजचा आहे. खोकला झाला म्हणून गावातल्या दवाखान्यात क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिले, तर रक्तातील टॅक्रोलिमसची (शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून घ्याव्या लागणाऱ्या औषधाची) पातळी एकदम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. रुग्ण घरी छोट्या स्पायरोमीटरमध्ये जोराने फुंकून, एका सेकंदात किती हवा बाहेर पडली याचा आकडा वहीत टिपतो; तो नेहमीपेक्षा दहा टक्क्यांनी घसरला, तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी प्रत्यारोपण केंद्राला फोन करायला हवा.

आपल्या आरोग्य पुरवणीत अवयवदानाच्या आवाहनाशेजारी या वहीलाही थोडी जागा मिळावी, ही विनंती.

— एक वाचक, नाशिक