पेटीच्या हँडलचे रिव्हेट

फोंडा

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

साउंडच्या सामानाच्या पेटीचे फोटो मिळाले. रिव्हेट कुठले घेऊ एवढंच तू विचारलंस, तेवढंच सांगायला बसलोय.

रिव्हेट तुटलेले नाहीत. टोप्या शाबूत आहेत, मागचा फुगलेला भागच प्लायमधून अख्खा ओढला गेलाय, तोही हँडलच्या एकाच बाजूने. पेटी खाली पडली की कोपरा चेपतो. हँडलमधून पट्टा ओवलेला असताना पेटी चालत्या गाडीत घसरली, की असा हिसका बसतो. आईला तू सांगितलंस, उतरवताना हातातून सुटली. असो.

घ्यायचे ते अ‍ॅल्युमिनियमचे, आत स्टीलची काडी असलेले, ४.८ मिमीचे, मोठ्या टोपीचे. लांबी अंदाजाने घेऊ नकोस. प्लाय ९ मिमी, हँडलचा पत्रा दीड, आतला वायसर एक, म्हणजे साडेअकरा. डब्यावर ग्रिप, म्हणजे रिव्हेट किती जाडी आवळतो ते लिहिलेलं असतं, त्यात हा आकडा बसायला हवा. मी पाठवतोय ते १८ मिमी लांब आहेत, ग्रिप ११ ते १३. आखूड रिव्हेट लाकडाच्या आतच फुगतो आणि प्लाय चुरतो. फार लांब असला तर नीट आवळत नाही. वायसर प्रत्येकाला घाल. पेटी बनवणाऱ्याने ते घातलेच नव्हते, नाहीतर एवढ्या हिसक्याला हँडल हातात आलं नसतं.

तेव्हा गाडीत मागे कोण होतं, बाय?

जुन्या टोप्या ४.८ च्या ड्रिलने उडव. टोपी ड्रिलबरोबर फिरायला लागली तर पकडीने धर, जोर करू नकोस. भोक ४.९ चं पुरे. आताची भोकं फाटलीच असणार, त्यांत लाकडी खुंटी फेव्हिकॉल लावून ठोक, रात्रभर सुकू दे आणि मग नवीन भोक पाड. स्टेनलेसचे मजबूत म्हणून दुकानदार गळ्यात मारेल. तुमचे निम्मे कार्यक्रम किनाऱ्यावर, खाऱ्या हवेत त्यांच्याभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडत खात जातं. चाकांना मात्र रिव्हेट लावायचाच नाही, तिथे बोल्ट आणि नायलॉक नट, आत नायलॉनचं कडं असलेला. गाडी कितीही हादरली तरी तो ढिला होत नाही.

आणि गाडी हादरतेच. अनमोड घाटाच्या वळणांवर मिक्सरची पेटी सरकली तर तिला अडवायला माणूस पुरत नाही. सामानाजवळ कोणीतरी हवं, हे मलाही कळतं. पण ते कोणीतरी तूच का? पुढे ड्रायव्हरशेजारी बस, त्यालाही जागं ठेव. रात्री निघायचंच असेल तर... जाऊ दे. रिव्हेटचं विचारलंस आणि मी प्रवचन लावलं. रागावू नकोस.

आई म्हणते, तुम्हीच तिला नेत होता ना. नेत होतो. म्हार्दोळच्या जत्रेला अ‍ॅम्प्लिफायरची पत्र्याची ट्रंक रंगमंचामागे ठेवायचो, तिच्यावर गोधडी घालून तू झोपायचीस. तिसऱ्या अंकात कर्णा शिटी मारायला लागला की आधी तू उठायचीस, मग मी. एकदा भाऊंनी विचारलं, हिला कळतं तरी काय? तू झोपेतच म्हणालीस, माइक कर्ण्यासमोर आलाय. आलाच होता. पण ती गाडी फोंड्यापर्यंतच यायची आणि तू माझ्या मांडीवर असायचीस. हे वेगळं.

परवा पणजीला कला अकादमीत तुझं काम होतं, तेव्हा मी तिथल्याच दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात शेवटच्या रांगेत बसलो होतो. तुला सांगितलं नव्हतं. नायिका पाठमोरी पुटपुटते ते वाक्यसुद्धा तिथे ऐकू आलं. शेजारच्या गृहस्थांना सांगावंसं वाटलं, कन्सोलवर आमची मुलगी आहे. सांगितलंही. त्यांनी विचारलं, मुलगी एवढं सामान घेऊन फिरते, भीती नाही वाटत? मी म्हटलं, छे.

रिव्हेट, वायसर आणि माझी जुनी रिव्हेट गन असं सगळं पुण्याच्या बसने पाठवतोय. गनचं तोंड ४.८ चंच लावून ठेवलंय. काडी तुटताना उडते, चष्मा घाल. हँडल झालं की आतल्या बाजूचा फोटो पाठव, बाहेरचा नको. आणि आधी विचारलेल्याचं उत्तर आईला नको, मला दे.

आईने त्याच खोक्यात सोलं घातली आहेत. मिठातली आहेत, आल्या आल्या रिव्हेटपासून वेगळी काढ.

तुझा,
बाबा