आईचा बोका आणि धुतलेली शाल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या छोट्या जाहिरातींमध्ये अधूनमधून एखादी ओळ असतेच, 'गोंडस मांजर फुकट देणे आहे', पुढे फोन नंबर, संपलं. वय नाही, बोका की भाटी ते नाही, नसबंदीचं ऑपरेशन झालंय का नाही, काही म्हणजे काही नाही. जुनी सायकल विकताना माणूस याहून जास्त लिहितो! पण मी कोणत्या तोंडाने बोलतेय, गेल्या वर्षी मीही अशीच ओळ छापून आणली होती.

आई गेली तेव्हा तिचा बोका ९ वर्षांचा होता. आमच्या धाकट्याला मांजराची अ‍ॅलर्जी (ती नुसत्या केसांची नसते बरं का, मांजराच्या लाळेत आणि कातडीत एक प्रोटीन असतं त्याची असते, त्यामुळे केस कापून ठेवा वगैरे सल्ले कृपया नकोत) म्हणून आमच्याकडे आणणं शक्यच नव्हतं. फोन बरेच आले पण बहुतेकांचा पहिला प्रश्न 'पिल्लू आहे का?' आणि ९ वर्षं म्हटलं की 'बरं, कळवतो'. अहो घरातलं मांजर पंधरा वर्षं सहज जगतं, हा काय म्हातारा झाला? उलट पडद्यांवर चढायचं वय गेलेलं, स्वभाव काय तो कळलेला.

शेवटी एक कुटुंब हो म्हणालं आणि आम्ही सुटलो बुवा म्हणत त्याच संध्याकाळी नेऊन दिला. त्यांनी हौसेने अख्खं घर मोकळं करून दिलं, पोरं सारखी उचलायला धावायची, तिसऱ्या दिवशी दार उघडं राहिलं आणि बोका पसार. अकराव्या दिवशी सापडला तो आईच्या बंद घराच्या पायरीवर, निम्मा झालेला, एक कान फाटलेला. त्या लोकांना मी दोष देत नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणजे मीच नव्हतं सांगितलं.

दुसऱ्या वेळी आधी व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांना, विचारलं. एकच खोली द्या, दार बंद, आठवडा-दोन आठवडे लागले तरी लागू देत, लपायला खोका, शी-शूची वाळू (लिटर) आणि खाणं जुनंच, आणि तो स्वतःहून येईपर्यंत कुणी उचलायचं नाही. दोन दिवस अजिबात खाल्लं नाही तर वाट बघू नका, उपाशी मांजराच्या लिव्हरमध्ये चरबी साठते आणि ते जिवावर बेतू शकतं, जाड मांजरांच्या तर जास्तच. हेही म्हणाले की आईची एखादी वस्तू सोबत द्या.

मी आपली शहाणी, आईची शाल स्वच्छ धुवून, घडी घालून दिली. नव्या घरच्या बाईंचा दुसऱ्या दिवशी फोन, बोका कपाटाखालून हलत नाहीये, शालीकडे ढुंकून बघत नाही. व्हेट म्हणाले, ताई, तुम्ही त्याला साबणाचा वास पाठवलात. मग आईच्या पलंगावरची न धुतलेली उशीची खोळ नेऊन दिली, त्याचेच केस चिकटलेली. बाई सांगत होत्या, आधी नुसतं हुंगलं, मग पुढच्या पंजांनी कणीक मळावी तशी किती तरी वेळ मळत बसला, आणि रात्री वाटी चाटूनपुसून साफ.

मांजर पिल्लांना सात घरं हिंडवतं म्हणतात, पण ते तोंडात धरून स्वतः नेतं, नंबर छापून मोकळं होत नाही. तेव्हा एक विनंती, अशी जाहिरात घेताना वय, लसी आणि ऑपरेशन झालंय का एवढं तरी विचारून छापा. भाटीचं तर विचाराच, ती ४-५ महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि पुढच्या दोन महिन्यांत पिल्लं, म्हणजे एका मांजराला घर शोधता शोधता पाचांना शोधायची वेळ. आणि देणाऱ्यांनी आधी ते घर जाऊन बघावं, 'नाही जमलं तर परत मलाच द्या' हे तोंडावर सांगावं. मी दुसऱ्यांदा सांगितलं होतं.

बाईंनी अजून तरी परत दिलेला नाही. खिडकीतली जागा त्याने बळकावलीय, कान मात्र तसाच राहिला.

आपली,
एक वाचक