अंगाला तेल लावण्याआधी प्रकृती विचारा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

सुगंधोपचार केंद्रात पहिल्यांदा गेलेल्या माणसाच्या हाती बहुधा एक कागद दिला जातो. त्यावर दहा-बारा आजारांची नावे असतात, प्रत्येकापुढे एक चौकोन असतो आणि तळाशी एक वाक्य असते : मला कोणताही गंभीर आजार नाही, उपचाराच्या परिणामांची जबाबदारी माझी राहील. माणूस यादीवरून नजर फिरवतो, सही करतो आणि आत जाऊन आडवा होतो. मी हा उपचार करते आणि नव्या मुलामुलींना शिकवतेही. हे पत्र त्या कागदाबद्दल आहे. त्या सहीने केंद्राचा बचाव होतो. ज्याच्या अंगाला तेल लागणार आहे त्याची प्रकृती कशी आहे हे मात्र कुणालाच कळलेले नसते.

माझी मागणी अशी की उपचाराआधीची चौकशी आपल्या खात्याने सक्तीची करावी, आणि चौकशी कशाला म्हणायचे हेही नियमातच लिहावे.

'तेलच तर आहे, तेही नैसर्गिक, त्याने काय होणार?' असे म्हणणारे आपल्याला भेटतील. एक किलो गुलाबाचे तेल काढायला साधारण ३ ते ५ हजार किलो फुले लागतात, यावरून इसेन्शियल ऑईल, म्हणजे वनस्पतीतून काढलेले सुगंधी तेल, किती तीव्र असते याचा अंदाज यावा. शिवाय ते त्वचेवरच थांबत नाही. लॅव्हेंडरच्या तेलाने मालिश केल्यावर त्यातले लिनालूल हे सुगंधी द्रव्य काही मिनिटांतच रक्तात सापडते, हे १९९२ मध्येच मोजून दाखवले गेले आहे. आणि रक्तात पोहोचलेल्या द्रव्याची गाठ माणूस रोज घेत असलेल्या औषधांशी पडते.

विंटरग्रीनचे तेल घ्या. दुखऱ्या सांध्यांसाठी ते लोकप्रिय आहे. ते जवळजवळ सगळे मिथाइल सॅलिसिलेट असते, म्हणजे ॲस्पिरिनच्याच कुळातले द्रव्य. हे तेल ५ मिलिलीटर पोटात जाणे म्हणजे सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिन, अर्थात ३२५ मिलिग्रॅमच्या २० हून अधिक गोळ्या एकदम घेण्यासारखे आहे. अंगाला लावलेले सगळे आत शोषले जात नाही हे खरे. तरीही वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्या रुग्णांनी मिथाइल सॅलिसिलेट असलेले मलम चोळल्यावर त्यांचे रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

आता हा वॉरफरिन घेणारा माणूस त्या कागदावर काय लिहील? 'हृदयविकार' या शब्दापुढे तो खूण करत नाही. त्याच्या झडपेची शस्त्रक्रिया होऊन बरीच वर्षे लोटली, आता तो ठणठणीत आहे, रोज एक गोळी घेतो इतकेच. तो काही लपवत नसतो. त्याच्या लेखी तो आजारी नाहीच. मी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगते, 'काही आजार आहे का?' हा प्रश्न तुमच्या तोंडून यायलाच नको. 'रोज कोणकोणत्या गोळ्या घेता?' असे विचारा, नावे सांगता आली नाहीत तर पाकिटाचा फोटो मागवा. 'दमा आहे का?' याला 'नाही' म्हणणारी व्यक्ती 'श्वासाचा पंप कधी वापरावा लागतो का?' याला 'थंडीत लागतो' असे उत्तर देते. फिट येण्याचा त्रास लहानपणी होता, आता नाही, म्हणून तो कुणी आपणहून सांगत नाही. 'ॲलर्जी' म्हटले की लोकांना औषध आठवते. परफ्यूमने शिंका येतात का, केस रंगवल्यावर खाज सुटली होती का, बदाम, शेंगदाणे किंवा तीळ खाऊन कधी ओठ सुजले का, हे एकेक करून विचारावे लागते. मालिशसाठी इसेन्शियल ऑईल ज्यात मिसळतात ते बेस ऑईल पुष्कळदा बदामाचे किंवा तिळाचेच असते, आणि हा प्रश्न मी फार थोड्या फॉर्मवर पाहिला आहे.

प्रश्न कुठे विचारला जातो यावरही उत्तर अवलंबून असते. काउंटरवर, मागे चार माणसे रांगेत उभी असताना, सोबत घरचे कुणी असताना, गर्भधारणेबद्दल, मानसिक आजाराच्या औषधांबद्दल किंवा कर्करोगाबद्दल खरे सांगायला कोण धजेल? गर्भधारणेचा प्रश्न तर 'गरोदर आहात का?' एवढ्यावर सुटत नाही, कारण पहिल्या काही आठवड्यांत त्या बाईलाच ते ठाऊक नसते. शेवटची पाळी कधी आली होती हे बंद दाराआड, शांतपणे विचारावे लागते, आणि का विचारतो तेही सांगावे लागते. पेनीरॉयल या पुदिन्याच्या कुळातल्या वनस्पतीच्या तेलातले प्युलेगोन हे द्रव्य यकृताला घातक आहे; असे तेल गरोदर स्त्रीच्या आसपासही नको. म्हणून नियमात 'खासगीत' हा शब्द हवाच. सांगितलेली माहिती कोण वाचणार, कुठे ठेवणार आणि किती काळ ठेवणार हेही त्यात यायला हवे. ज्याला आपली माहिती बाहेर फुटेल अशी भीती वाटते तो पुढच्या वेळी काहीच सांगत नाही.

फिट येणाऱ्यांबाबत थोडे सविस्तर लिहिते, कारण इथे दुसरा एक दोष उघडा पडतो. कापूर, हिसॉप, थुजोन असलेले सेज, कापराचे प्रमाण जास्त असलेले रोझमेरी ही तेले फिट आणू शकतात म्हणून अशा व्यक्तीसाठी टाळायची, हे प्रशिक्षित थेरपिस्टला माहीत असते. लॅव्हेंडर मात्र सौम्य म्हणून बिनधास्त वापरले जाते. पण लॅव्हेंडर एकच नाही. लॅव्हेंड्युला अंगुस्टिफोलियामध्ये कापूर नगण्य असतो, लॅव्हेंड्युला लॅटिफोलियामध्ये तो बराच असतो, आणि लॅव्हेंड्युला स्टोकासमध्ये कापराबरोबर फेंकोन हे तशाच प्रकारचे द्रव्यही असते. बाटलीवर नुसते 'लॅव्हेंडर' छापलेले असेल तर थेरपिस्टने कितीही नीट विचारपूस केली तरी तिचा उपयोग काय? प्रकृतीची चौकशी आणि बाटलीवरचे लेबल या दोन गोष्टी एकाच नियमात बांधल्या पाहिजेत : वनस्पतीचे पूर्ण शास्त्रीय नाव, कोणत्या भागातून आणि कोणत्या पद्धतीने काढले, आणि तारीख. तारीख यासाठी की हवा लागून जुन्या झालेल्या तेलातल्या लिनालूल आणि लिमोनीन या सुगंधी द्रव्यांचे हायड्रोपेरॉक्साइड बनतात, आणि त्यांनी त्वचेची ॲलर्जी होण्याचा धोका ताज्या तेलापेक्षा बराच वाढतो.

एक प्रश्न मला कुठल्याच छापील फॉर्मवर आढळलेला नाही, तो म्हणजे इथून निघाल्यावर कुठे जाणार? दाबून काढलेल्या बर्गमॉटच्या तेलात बर्गॅप्टेन नावाचे द्रव्य असते. ते त्वचेवर असताना कडक ऊन लागले तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. असे तेल लावल्यावर निदान १२ तास ती त्वचा उन्हात उघडी ठेवू नये. उन्हात काम करणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार?

तेलांइतकेच मालिशबद्दलही बोलले पाहिजे. एका पायाची पोटरी सुजलेली आहे, दुखते आहे, हाताला गरम लागते आहे, आणि माणूस नुकताच लांबच्या प्रवासातून आला आहे किंवा शस्त्रक्रियेनंतर अंथरुणावर पडून होता. तो म्हणतो, 'जरा जोरात रगडा, बरे वाटेल.' शिरेत रक्ताची गुठळी असेल तर त्या रगडण्याने ती सुटून फुप्फुसात अडकू शकते आणि जीव जाऊ शकतो. इथे थेरपिस्टने निदान करायचे नाही. ते तिचे कामही नाही आणि अधिकारही नाही. तिने हात थांबवायचा आणि त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायचे. इन्सुलिन घेणाऱ्याला आज सुई कुठे टोचली ते विचारायचे, कारण त्या जागी चोळल्याने इन्सुलिन वेगाने शोषले जाऊन साखर एकदम खाली येऊ शकते. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या ग्रंथी काढलेल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला नेहमीची दाबाची मालिश नको.

'पॅच टेस्ट केली की झाले,' असेही मला ऐकवले जाते. पॅच टेस्ट, म्हणजे थोडे तेल त्वचेवर लावून पाहण्याची चाचणी, जरूर करावी. पण ॲलर्जिक पुरळ अनेकदा ४८ ते ७२ तासांनी उमटते, आणि एखाद्याला आज पहिल्यांदाच त्या तेलाची ॲलर्जी जडत असेल तर ती त्या चाचणीत दिसणारच नाही. म्हणून 'मागच्या वेळेनंतर अंगावर काही उठले का, नवे औषध सुरू झाले का, काही बदलले का?' हे दर वेळी विचारले गेले पाहिजे. पाच वर्षांपूर्वी भरलेल्या फॉर्मवर आज मालिश करणे म्हणजे न विचारण्यासारखेच.

छोट्या केंद्रांचे चालक म्हणतील की एवढा वेळ कुठून आणायचा. पहिल्या भेटीला वीस मिनिटे, पुढे पाच. ती उपचाराच्या वेळेतच धरावीत आणि त्यांचे पैसेही लावावेत, मला ते रास्त वाटते. या व्यवसायाची मुळेही हेच सांगतात. विसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समध्ये मार्गरीत मोरी यांनी पातळ केलेल्या तेलांच्या मालिशची जी पद्धत रुजवली, तिचा पायाच होता प्रत्येक व्यक्तीसाठी तिची प्रकृती पाहून केलेले वेगळे मिश्रण. निरोगी प्रौढाला अंगाच्या मालिशसाठी साधारण २ टक्के प्रमाण चालते, वृद्ध किंवा नाजूक त्वचेच्या व्यक्तीला १ टक्का किंवा त्याहून कमी. न विचारता हे प्रमाण ठरणार कसे?

माझी सगळ्यात मोठी काळजी नकाराची आहे. विचारपूस करून थेरपिस्टला कळले की आज या माणसाला तेल लावू नये. पुढे काय? तिचा पगार बहुतेक ठिकाणी किती माणसांची मालिश केली यावर ठरतो. नकार दिला तर तिचे पैसे बुडतात, ग्राहक चिडतो, मालक बोलतो. मी शिकवलेल्या मुलींनी मला फोन करून हे सांगितले आहे, आणि 'नको म्हण' एवढेच उत्तर त्यांना देताना मला फार जड गेले आहे. आपला नियम या मुलींच्या मागे उभा राहिला पाहिजे. प्रकृतीच्या कारणाने नाकारलेल्या उपचाराचा मोबदला थेरपिस्टला मिळावा, आणि तिच्यावर दबाव आणणाऱ्या केंद्रावर कारवाई व्हावी. हे कलम वगळून बाकी सगळे मंजूर झाले तर आम्हाला आणखी एक कागद भरायला मिळेल, एवढेच.

'डॉक्टरांची चिठ्ठी आणा' हा रिवाजही सुधारायला हवा. डॉक्टरांना कशासाठी परवानगी मागितली आहे हेच कळत नाही, मग ते 'हरकत नाही' लिहून मोकळे होतात. कोणते तेल, किती टक्के, शरीराच्या कोणत्या भागावर आणि किती दाबाने, हे थेरपिस्टने आधी लिहून द्यावे आणि डॉक्टरांनी त्याला उत्तर द्यावे. आणि त्रास झालाच तर तो कळवण्याची एक जागा हवी. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद जिथे होते तिथेच तेलांमुळे झालेली पुरळ, दम्याचा झटका, फिट यांचीही नोंद घेता येईल. आज अशा घटना केंद्राच्या चार भिंतींत माफी मागून मिटवल्या जातात आणि पुढच्या केंद्रात तेच तेल तशाच माणसाला लागते.

मी वर्गात वापरते ती प्रश्नावली आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे. ती अंतिम आहे असा माझा दावा नाही. त्वचारोगतज्ज्ञ, औषधशास्त्राचे जाणकार आणि प्रत्यक्ष मालिश करणाऱ्या थेरपिस्ट यांना एकत्र बसवून तिच्यातला प्रश्न न्‌ प्रश्न तपासून घ्यावा. त्या बैठकीला आपण मला बोलावलेत तर मी येईन, आणि नकाराच्या कलमाबद्दल ज्यांना अनुभवाने बोलता येईल अशा थेरपिस्टनाही सोबत आणेन.

कळावे,

आपली,
एक सुगंधोपचारक आणि प्रशिक्षक